धूलकोट ते वसई : ईस्टरपूर्वीचे पवित्र दिवस

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोणत्याही रविवारी पडू शकतो. पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर ही पौर्णिमा कधी फाल्गुनी असते, कधी चैत्री. २०२४ मध्ये ती फाल्गुनी होती. त्या वर्षी २४ मार्चला सकाळी चर्चमध्ये झावळ्यांचा रविवार झाला आणि संध्याकाळी त्याच गावांत होळी पेटली. २०२६ मध्ये ती चैत्री आहे; २ एप्रिलला पहाटे हनुमान जयंती आणि त्याच संध्याकाळी कॅथलिक चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी. दोन वेगळ्या परंपरांची गणिते एकाच चंद्राकडे पाहून मांडलेली असल्याने असे योग वारंवार येतात.

ईस्टरच्या आधी ४६ दिवस मोजले की राखेचा बुधवार येतो. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा वार आणि त्या दिवशी उपास धरत नाहीत. उरतात ते ४० दिवस. मराठी कॅथलिक याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात, तर नर्मदा-तापीच्या पट्ट्यातले हिंदी बोलणारे कॅथलिक चालीसा म्हणतात.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले धूलकोट याच पट्ट्यात, निमाड नावाच्या प्रदेशात, सातपुड्याच्या बाजूला आहे. भोवतालची वस्ती मुख्यतः भिल्ल-बारेला आदिवासींची. होळीच्या आधीच्या आठवड्यात या मुलुखात भगोरियाचे हाट भरतात. ढोल, मांदळ, बासरी, चांदीचे दागिने, गुळाच्या जिलेब्या अशी ती धामधूम असते. गणित करून पाहिले तर भगोरिया जवळजवळ नेहमीच उपवासकाळात येतो. सारा बाजार नाचत असताना आपण आधीच कपाळाला राख लावून घेतली आहे, ही निमाडातल्या कॅथलिक आदिवासी कुटुंबाची दरवर्षीची स्थिती. गोव्यातल्या किंवा वसईतल्या कॅथलिकांची मौजमजा राखेच्या बुधवारापूर्वीच, इंत्रुजात म्हणजे कार्निव्हलमध्ये, आटोपलेली असते. निमाडात मात्र उत्सव आणि संयम एकाच पंधरवड्यात शेजारी शेजारी नांदतात.

चर्चच्या व्यवस्थेत हा सारा भाग खांडवा धर्मप्रांतात मोडतो. त्याची स्थापना १९७७ ची. पहिले बिशप अब्राहम विरुथकुलंगरा पुढे १९९८ मध्ये नागपूरचे आर्चबिशप झाले. बुऱ्हाणपूर तेव्हा पूर्व निमाड जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा २००३ मध्ये झाला. ख्रिस्ती धर्मगुरूंची या मातीशी ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. अकबराने आसीरगडाला वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये किल्ला हाती आला, तेव्हा त्याच्या छावणीत जेरोम झेवियर आणि बेंतो द गोइश हे दोन जेझुइट होते. जेरोम हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातले. त्याच वर्षी बादशहाने गोव्याला वकिलात पाठवली, तिच्याबरोबर गोइश गेले. बुऱ्हाणपूर ते गोवा हा रस्ता तेव्हा दख्खनच्या राजकारणाचा रस्ता होता. आज तोच थोडा वळवून, रेल्वेने, पवित्र आठवड्याचा प्रवास करता येतो.

राखेच्या बुधवारचा विधी धूलकोटजवळच्या खेड्यात असो की वसईत, सारखाच. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख धर्मगुरू कपाळावर क्रूसाच्या आकारात लावतात आणि माणसाला तो मातीचा आहे, मातीतच जाणार आहे, याची आठवण देतात. या दिवशी आणि गुड फ्रायडेला १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठीच्या उंबरठ्यापर्यंतच्यांना उपास सक्तीचा : एकच पूर्ण जेवण, आणि लागलेच तर दोनदा थोडेसे. १४ वर्षांपुढच्या सर्वांना मांस वर्ज्य. हा आजचा नियम १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सैल केलेला आहे. त्याआधीचा बराच कडक होता. एकादशीला साबुदाण्याचे ताट भरून बसणाऱ्यांनी कॅथलिक उपासाला हसू नये, कारण घरोघरी नियमापलीकडेही बरेच सोडले जाते : कुणी चाळीस दिवस दारू, कुणी मासळी, कुणी सिनेमा. या काळात लग्ने सहसा धरत नाहीत. चर्चमध्ये वेदीवर फुले नसतात, धर्मगुरूंचा झगा जांभळा, आणि "आलेलुया" हा शब्द उपासनेतून पूर्ण काढून टाकलेला असतो. दर शुक्रवारी क्रूसाची वाट होते. येशूला मृत्युदंड फर्मावल्यापासून कबरेत ठेवेपर्यंतची चौदा स्थाने भिंतीवरच्या चित्रांपुढे थांबत थांबत चालायची.

उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोव्यात, तिसवाडीतल्या गोवा वेल्हा गावी, संतांची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन परंपरेतली ही चाल सतराव्या शतकापासूनची. सांत आंद्रे चर्चमधून संतांच्या तीस-एक मूर्ती खांद्यांवर घेऊन गावातून फिरवतात. बघायला साऱ्या गोव्यातून लोक येतात, ख्रिस्ती आणि हिंदूही. गोव्यात या दिवसांत व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीने लॅटिन मोतेत गायले जातात, आणि काही चर्चमध्ये पडद्यामागे येशूच्या दुःखभोगाचे देखावे उभे करून प्रवचनाच्या ओघात पडदा उघडतात. मात्र तिथली उपासना कोंकणीत. मराठीतला पवित्र आठवडा पाहायचा तर वसई गाठावी लागते.

निमाडातून वसईचा रस्ता सरळ आहे. बुऱ्हाणपूर स्टेशन इटारसी-मुंबई मार्गावर आहे. भुसावळ, मनमाड, इगतपुरी करत गाडी कल्याणला येते. तिथून दिव्याला जाऊन वसई रोडची गाडी धरता येते, किंवा दादरला उतरून पश्चिम रेल्वेची विरार लोकल. वसई रोडच्या पश्चिमेला पापडी आणि सांडोर, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला गास आणि निर्मळ, विरारच्या पश्चिमेला आगाशी आणि नंदाखाल. केळीच्या आणि नारळीच्या बागांमधून जाणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात ही सारी गावे आहेत. स्टेशनांभोवतीचे उंच टॉवर मागे टाकले की दहा-पंधरा मिनिटांत बसच्या खिडकीतून रहाट नसलेल्या जुन्या बावखली (गोड्या पाण्याची तळी), तुळशीवृंदावनाच्या जागी घरापुढे उभारलेले क्रूस आणि सुकेळी वाळत घातलेली अंगणे दिसू लागतात.

पोर्तुगीजांनी वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळवली आणि चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत इथले सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी कुटुंबांतले अनेक लोक ख्रिस्ती झाले. बोली, पेहराव, लग्नातली गाणी मात्र बरीचशी तशीच राहिली. किल्ल्यातल्या सेंट जोझेफच्या कॅथेड्रलचा आता उंच मनोरा आणि भिंतीच उरल्या आहेत. ते १६०१ मध्ये नव्याने बांधल्याचा शिलालेख तिथे होता. म्हणजे बुऱ्हाणपुरात अकबराची छावणी होती त्याच वर्षी वसईत हे काम चालले होते. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ चा, आणि त्याचे कॅथेड्रल पापडीचे.

पवित्र आठवडा झावळ्यांच्या रविवारी उघडतो. येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरला तेव्हा लोकांनी खजुराच्या फांद्या हलवून त्याचे स्वागत केले, त्याची ही आठवण. वसईत खजुराची जागा नारळाने घेतली. बागेतून कोवळी, अजून पुरती हिरवी न झालेली झावळी उतरवतात. तिची एक-एक पात सोडवून मधला हीर काढला की दोन मऊ फिती हातात येतात. एक फीत उभी, दुसरी तिच्याभोवती दोनदा आडवी गुंडाळून टोक मागच्या घडीत खोचले की बोटभर क्रूस तयार होतो. ज्यांचे हात बसलेले आहेत त्या बायका गप्पा मारता मारता असे पाच-पन्नास क्रूस करतात. मुले त्यातूनच पोपट आणि घड्याळेही विणतात, ती वेगळी गंमत. विधीच्या सुरुवातीला लोक चर्चच्या बाहेर, एखाद्या क्रूसाजवळ किंवा शाळेच्या पटांगणात जमतात, झावळ्यांवर पवित्र पाणी शिंपडले जाते आणि गात गात मिरवणूक आत शिरते. आनंद तेवढाच. आत गेल्यावर त्याच मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, येशूच्या दुःखसहनाचा संपूर्ण वृत्तान्त वाचला जातो. जयजयकार करणारे तोंड आणि "क्रूसावर द्या" म्हणणारे तोंड एकाच तासात लोकांच्याच वाट्याला येते, कारण वाचनात जमावाची वाक्ये सारे चर्च मिळून म्हणते. सण म्हणून हा दिवस लोभस आहे. नाट्य म्हणून तो बराच क्रूर आहे. घरी नेलेले क्रूस तसबिरीमागे किंवा दाराच्या चौकटीवर वर्षभर राहतात.

सोमवार, मंगळवार, बुधवार हे तयारीचे. पापनिवेदनासाठी रांगा लागतात, शेजारच्या गावांतले धर्मगुरू एकमेकांच्या मदतीला येतात. गुरुवारी सकाळी, किंवा सोयीसाठी त्याआधी एखाद्या दिवशी, बिशप धर्मप्रांतातल्या सर्व धर्मगुरूंबरोबर मिस्सा करतात आणि तीन तेले तयार होतात : आजाऱ्यांसाठी, बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी आणि सुगंधी द्रव्य मिसळलेले क्रिज्म. वर्षभर गावोगावी लागणारे तेल इथूनच जाते.

गुरुवारी संध्याकाळपासून पुढचे तीन दिवस चर्च एकच अखंड उपासना मानते. मधे निरोपाचा आशीर्वादही दिला जात नाही. गुरुवारची मिस्सा येशूच्या शेवटच्या भोजनाची. पुष्कळ दिवसांनी "ग्लोरिया" हा स्तुतिपाठ गायला जातो, घंटा सगळ्या मिळून वाजतात, आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प होतात. वाजवायचेच असेल तर लाकडी खुळखुळा. पोर्तुगीज वळणाने त्याला मात्राक म्हणत. प्रवचनानंतर धर्मगुरू झगा बाजूला ठेवतात, कमरेला पंचा बांधतात आणि गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी हे बाराही पुरुषच असत. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही त्यात घेण्याची मोकळीक दिली. गुडघे टेकलेला धर्मगुरू तांब्यातून पाणी ओततो, पाय पुसतो, वाकून त्याचे चुंबन घेतो आणि सरकत पुढच्या माणसापाशी जातो. शेतात राबून भेगाळलेल्या टाचांना हा मान मिळताना पाहिला की विधीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मिस्सा संपली की पवित्र भाकर मिरवत एका बाजूच्या वेदीवर नेतात, मुख्य वेदीवरचे कापड, मेणबत्त्या, सारे उचलतात. रात्री उशिरापर्यंत वाड्यावाड्यांची माणसे पाळीपाळीने त्या बाजूच्या वेदीपुढे बसून जागतात, कारण गेथशेमनीच्या बागेत शिष्यांना एक तासही जागे राहता आले नव्हते.

शुक्रवार हा वर्षातला एकमेव दिवस, जेव्हा जगात कुठेही कॅथलिक मिस्सा होत नाही. (शनिवारीही दिवसा होत नाही, पण रात्रीचा जागर रविवारचा धरला जातो.) सकाळी क्रूसाची वाट, कुठे चर्चच्या आवारात, कुठे गावातल्या रस्त्यांवरून, कुठे तरुण मुले वेष करून प्रसंग उभे करतात. दुपारी तीनच्या सुमाराला मुख्य उपासना. ती शब्दाविना सुरू होते : धर्मगुरू येतात आणि उघड्या फरशीवर पालथे पडतात, लोक गुडघे टेकतात. मग योहानाच्या शुभवर्तमानातला वृत्तान्त तीन वाचक भूमिका वाटून वाचतात. त्यानंतर दहा प्रार्थना. पोपसाठी, यहुद्यांसाठी, इतर धर्मीयांसाठी, देव न मानणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी. यहुद्यांसाठीच्या प्रार्थनेतला अपमानकारक शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये वगळला, ही उशिरा झालेली पण फार गरजेची दुरुस्ती. शेवटी लाकडी क्रूस पुढे आणतात आणि हजारोंचा समुदाय एकेक करून त्याला वंदन करतो. यालाच सर्वाधिक वेळ लागतो. कम्युनियनसाठी, म्हणजे लोकांना पवित्र भाकर देण्यासाठी, आदल्या रात्री राखून ठेवलेली भाकर वापरतात. गोव्यात संध्याकाळी, हलते हात असलेली येशूची जुनी लाकडी मूर्ती क्रूसावरून उतरवून शेजेवर ठेवून मिरवतात. जेवणाला अनेक घरांत पेज आणि चटणी. मुंबईत इंग्रजांच्या वेळेपासून बेकऱ्यांत या दिवसासाठी क्रूसाची खूण असलेले गोड पाव मिळतात.

या शुक्रवारशी मराठीचे नाते जुने आणि भक्कम आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीत लिहिलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. ते गोव्यातल्या साष्टीच्या चर्चमध्ये रविवारी आणि सणांना वाचले जाई, आणि त्यातला दुःखभोगाचा भाग फार मोठा आहे. पहिल्या आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली तेव्हा ते सामान्य मराठी वाचकाच्या हाती आले. उत्तर कोकणासाठी त्याहून जवळचे पुस्तक म्हणजे फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांचे १६५९ चे पुराण. त्याचा विषयच येशूचे मरण आणि दुःखसहन. लिपी रोमन, भाषा ठाणे-वसई-मुंबईच्या किनाऱ्यावरची. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापले गेले, म्हणजे दोनशे वर्षांनंतरही ते वाचणारी घरे होती. आपल्या साहित्याच्या इतिहासात या पुस्तकाला मिळते त्यापेक्षा अधिक जागा मिळायला हवी. पोथी मांडून ओव्या म्हणत गुड फ्रायडे पाळणारा समाज हे मराठीचेच एक रूप आहे. लॅटिन उपासनेची जागा मराठीने घेतली ती मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात.

शनिवारी दिवसभर वेदी उघडी, पवित्र भाकरीची पेटी रिकामी, घंटा मुक्या. घरांत मात्र सणाची लगबग असते, आणि गोव्यात, वांद्र्याला साखरेची, मार्झिपानची अंडी विकायला येतात.

शनिवारची रात्र हा साऱ्या आठवड्याचा गाभा. शतकानुशतके हा जागर शनिवारी सकाळीच उरकला जाई, आणि अंधारावर प्रकाशाचा विजय गाणारे स्तोत्र भर उन्हात म्हटले जाई. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये प्रायोगिक म्हणून आणि १९५६ पासून नियम म्हणून तो पुन्हा रात्री नेला. आता तो काळोख पडल्याखेरीज सुरू करायचा नाही आणि उजाडण्याआधी संपवायचा, असा दंडक आहे. चर्चबाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात. धर्मगुरू पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा, चार कोनांत त्या वर्षाचे चार आकडे, आणि धुपाचे पाच मणी बसवतात. ते येशूच्या पाच जखमा. दिवे मालवलेल्या चर्चमध्ये ही एकच ज्योत शिरते. तिच्यावरून पहिली मेणबत्ती लागते, शेजारी शेजाऱ्याची पेटवतो, आणि दाराकडून वेदीकडे उजेड सरकत जातो. मग बायबलमधली वाचने : सृष्टीची उत्पत्ती, अब्राहामाचे बलिदान, तांबडा समुद्र ओलांडणे, संदेष्टे. जुन्या करारातली सात, त्यांतली किमान तीन तरी व्हायलाच हवीत, आणि समुद्र ओलांडण्याचे कधीच गाळायचे नाही. त्यानंतर "ग्लोरिया" सुरू होतो, गुरुवारपासून थांबलेल्या घंटा वाजू लागतात, वेदीवर फुले येतात, "आलेलुया" परततो. पाणी आशीर्वादित करून बाप्तिस्मा दिला जातो. दोन-अडीच तास सहज जातात.

बहुतेक पाहुणे, आणि वर्तमानपत्रांचे फोटोग्राफरही, गुड फ्रायडेला येतात आणि परततात. त्यांच्या पदरी क्रूस, जखमा आणि गर्दी एवढेच पडते. कॅथलिक श्रद्धेत शुक्रवारला अर्थ येतो तो शनिवारच्या रात्रीमुळे. एकच दिवस काढता येणार असेल तर ती रात्र निवडावी. गुरुवारची संध्याकाळ दुसऱ्या क्रमांकावर. इतर धर्मीयांना चर्चमध्ये बसायला कुठेही मज्जाव नसतो. फक्त कम्युनियनच्या रांगेत जायचे नाही, ते कॅथलिकांपुरते आहे. विधी चालू असताना कॅमेरा खिशात ठेवावा, आणि मागच्या बाकांवर बसावे म्हणजे केव्हा उभे राहायचे, केव्हा गुडघे टेकायचे हे पुढच्यांकडे पाहून कळते. पापडी, नंदाखाल, निर्मळ, गास यांतले कोणतेही चर्च चालेल. वेळा आठवडाभर आधी फलकावर लागतात. रात्री उशिरा बस मिळत नाहीत, तेव्हा परतीची सोय आधी पाहून ठेवावी.

येत्या वर्षांतले ईस्टर असे आहेत : २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल. जागराची रात्र त्याच्या आदल्या दिवशीची.